जर्नल उतरवायचं की प्रश्न विचारायचा?

(दरेकसा, ता. सालेकसा, जि. गोंदिया येथे भरलेल्या युवक शिबिरातील भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, बहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावश्यांनो, जयभीम. ह्या डोंगरातल्या गोंड भावंडांना जय सेवा.

मला दिलेला विषय ऐकून आमच्या गोदीतली माणसं हसली. 'इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी.' मुकादम म्हणाला, "तू मॅट्रिक. तू काय सांगणार इंजिनीअरला?" मी म्हटलं, क्रेनवर आकडा लिहिलेला असतो, एवढ्याच टनाचं ओझं उचला म्हणून. तो आकडा इंजिनीअरने काढलेला असतो, पण त्या ओझ्याखाली उभा असतो मी. आकडा कसा काढला, कोणी तपासला, हे विचारायचा पहिला हक्क माझा आहे. म्हणून आलो. विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून पॅसेंजरने दरेकसा.

येताना गाडी बोगद्यातून जाते, ती तुम्ही रोजच बघता. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली निघाली, नागपूर-छत्तीसगडची जुनी मीटरगेज लाइन तिने घेतली आणि मोठ्या गेजची केली. कंपनीचं नाव इतिहासात आहे, साहेबांची नावं कागदावर आहेत. ह्या डोंगराचा खडक ज्यांनी फोडला त्यांची नावं सांगा बघू. नाहीत. दगड कसा फुटतो, कुठे ठिसूळ आहे, पाणी कुठून झिरपतं, हे त्या माणसांना साहेबाच्या आधी कळलं असणार, कारण दगड त्यांच्या अंगावर पडत होता. पण त्यांच्या हातात वही नव्हती. ज्ञान आणि वही ह्यांची ताटातूट, हाच ह्या देशातल्या जातिव्यवस्थेचा सगळ्यात जुना धंदा आहे. एकाने काम करायचं, दुसऱ्याने लिहायचं. आणि लिहिलं त्याचं नाव ज्ञान.

आज तुमच्यातली पोरं-पोरी नागपूर, गोंदिया, पुणे, मुंबईच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला आहेत. घरातले पहिलेच. पेन हातात आलंय. आता प्रश्न असा की त्या पेनाने करताय काय?

मी सांगतो काय करताय. जर्नल उतरवताय.

रागावू नका. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल काय असतं ते मी माझ्या मावशीच्या पोराकडून ऐकलंय. तो इथंच बसलाय, नाव घेत नाही, लाजेल. प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं. सीनियरच्या जर्नलमध्ये रीडिंग आहेत. तुमचं रीडिंग वेगळं आलं तर तुम्ही चुकलात. मग तुम्ही काय करता? सीनियरचं रीडिंग उतरवता, सही घेता, मोकळे होता. म्हणजे पहिल्याच वर्षी शिकवलं जातं की डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि आधी लिहिलेलं खरं. दोस्तहो, ही तर पोथी झाली! हेच तर आपल्याला हजारो वर्षं शिकवलं. नुसता लॅबकोट घातला म्हणून पोथीचं सायन्स होत नाही.

संशोधन म्हणजे काय, हे मला त्या पोरानेच समजावलं. तो म्हणाला, "दादा, ज्या प्रश्नाचं उत्तर सरांनाही माहीत नाही, तिथून संशोधन सुरू होतं." मला हे एकदम पटलं. त्या जागी सर आणि पोरगा सारखे होतात. आणि ज्या व्यवस्थेला सारखं होणंच खपत नाही, ती पहिल्या वर्षाच्या पोराला त्या जागेवर येऊ देईल कशी?

आता त्याची गोष्ट ऐका.

माझी मावशी राइस मिलमध्ये कामाला. गोंदियाच्या मिला तुम्हाला नव्याने सांगायला नकोत. उसना तांदूळ करतात तिथे बॉयलरला धानाचाच भुसा जाळतात. शंभर किलो धानातून सुमारे वीस किलो भुसा निघतो, आणि तो जळला की चारेक किलो राख. ती राख मावशीच्या डोळ्यात, केसात, छातीत. एकदा ती पोराला म्हणाली, "काहून रे बाबू, तू इंजिनीअर होऊन राहिला ना, मग ह्या राखेचं काही होत नाही काय?"

पोरगा पहिल्या वर्षाला. त्याने वाचलं की ह्या राखेत शंभरात पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग सिलिका असते, आणि सिमेंटमध्ये थोडं कमी करून त्या जागी ही राख घालता येते. तो सरांकडे गेला. म्हणाला, सर, मला ह्यावर काम करायचंय, मशीन वापरू द्या. सरांनी राखेबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं काय? "सी.ई.टी.ला किती होते?"

हा प्रश्न मार्कांचा नाही, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला कळतं. मार्कांच्या वाटेने जात विचारायची ही सुधारलेली पद्धत आहे. पोराने आकडा सांगितला. सर म्हणाले, "आधी एम-वन काढ. संशोधन फायनल इयरचं काम आहे."

फायनल इयर! म्हणजे तीन वर्षं दुसऱ्यांची रीडिंग उतरवून प्रश्न विचारायची सवय मेली की मग संशोधन करा.

बरं, ही जगाची रीत आहे का? नाही. अमेरिकेत एम.आय.टी. नावाची संस्था आहे. तिथे १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर नावाच्या बाईंनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम काढला. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा प्राध्यापकाच्या खऱ्या कामात जाऊन बसू शकतो. आणि त्याला एकतर क्रेडिट मिळतं, नाहीतर पैसे. पैसे हा शब्द ध्यानात ठेवा, मी परत येणार आहे त्यावर.

आपल्याकडे होतच नाही असंही नाही. पवईच्या आय.आय.टी.त पहिलं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात पोरं टोळी करून यंत्र बनवतात, त्याला संस्था खर्च देते. मानखुर्दला होमी भाभा केंद्र आहे, तिथे विज्ञानाच्या पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना खऱ्या संशोधनाला लावायचा कार्यक्रम २००४ पासून उभा राहिला. आमच्या वस्त्यांपासून ते केंद्र हाकेच्या अंतरावर, पण किती पोरांनी त्याची पायरी चढली? पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ साली निघालं ते सरकारी बांधकामांवर हाताखालचे अधिकारी तयार करायला. हाताखालचे! त्याच कॉलेजातल्या पोरांनी २००८ ला उपग्रह बनवायला घेतला, किलोभर वजनाचा. नाव 'स्वयम्'. २२ जून २०१६ ला तो वर गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या पोरांचा 'प्रथम' गेला.

आता हिशेब करा. डिग्री चार वर्षांची, उपग्रहाला लागली आठ वर्षं. कसं झालं? जुनी पोरं पास होऊन जात राहिली, नवी येत राहिली. खालच्या वर्गातल्या पोरांना हाताशी धरून काम शिकवल्याशिवाय आठ वर्षांचं यंत्र होत नाही. म्हणजे 'पहिल्या वर्षाला काय कळतं' हे म्हणणं खोटं आहे. जिथे पाहिजे तिथे त्यांना कळतं. आमचा पोरगा आला की कळेनासं होतं.

पुढे ऐका. आमच्या पोराने ऐकलं नाही. लॅबमध्ये एक अटेंडंट होते, आपल्यातलेच. ते म्हणाले, "सुट्टी झाल्यावर ये, मी मशीन चालवतो." पोराने सात सेंटिमीटरचे ठोकळे पाडले. बिनराखेचे, दहा टक्के राखेचे, वीसचे, तीसचे. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले. मग मशीनमध्ये घालून दाबले.

राखेचे सगळे आधी फुटले.

तो रात्री मला फोन करून रडला. म्हणाला, "दादा, सरच बरोबर होते." मी काय सांगणार? मी म्हटलं, का फुटले ते बघ ना. गोदीत साखळी तुटली तर आम्ही रडत नाही, कडी कुठली तुटली ते बघतो, कारण दुसरी कडी तशीच असेल तर माणूस मरेल.

मग त्याने लायब्ररी पालथी घातली. त्याला कळलं की सगळी राख सारखी नसते. भुसा फार गरम, सातशे अंशांच्या वर जळला की सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती चुन्याशी धड जुळत नाही. बेताच्या आचेवर जळली तर जुळते. काळी राख म्हणजे अर्धवट जळलेली, तिच्यात कोळसा उरलेला. हे पुस्तकात होतं. पण आपल्या मिलच्या बॉयलरमध्ये आच किती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते कोणाला माहीत होतं? बॉयलरवर उभ्या असलेल्या माणसाला. त्याने सांगितलं, "हवा अशी सोडली की राख काळी, तशी सोडली की पांढरी, मधली एक भुरकट निघते." वीस वर्षांत ह्या माणसाला कोणीही हे विचारलं नव्हतं.

पोराचा प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता राख किती घालायची. आता प्रश्न झाला राख जाळायची कशी. हा दुसरा प्रश्न त्याचा स्वतःचा. तो त्याला ना सरांनी दिला, ना सीनियरच्या जर्नलने. आईच्या डोळ्यातली राख, पुस्तकातला आकडा आणि बॉयलरवाल्याचा अनुभव, तिन्ही एकत्र आल्यावर तो प्रश्न निघाला. तो एम-वनला नापास झाला का? झाला. मग काढला. ठोकळ्यांचे तुकडे कॉलेजने भंगारात टाकले. वही मात्र त्याच्याकडे आहे, आज रात्री वाचून दाखवील.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? दोन वेळच्या भाकरीची मारामार, तिथे संशोधनाची चैन कशाला? त्यांना मी तीन गोष्टी सांगतो.

एक. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकमालकाने एका जहाजावर ५८ पेट्या चढवल्या. तिथून कंटेनरचा जमाना सुरू झाला. वाहतूक स्वस्त करायची हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याने तो सोडवला. १९८९ ला मुंबईसमोर न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं, पेट्यांचंच. आमच्या गोदीतल्या टोळ्यांच्या टोळ्या रिकाम्या झाल्या. पाठीवरचं ओझं गेलं, आणि पाठीमागची भाकरीही गेली. मी यंत्राच्या विरोधात नाही. हूक लागून ज्याची बोटं गेलीत तो यंत्राच्या विरोधात कसा असेल? पण प्रश्न मालकाचा असला की उत्तरही मालकाचंच निघतं. सिमेंटची गोण आपल्याकडे पन्नास किलोची, युरोपात पंचवीस किलोचीही मिळते. पाठ तर माणसाचीच, इथे आणि तिथे. मग पन्नास का? ह्यावर आपल्याच पोरांनी काम का करू नये?

दोन. सिकलसेल. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ ला, निलगिरीच्या आदिवासींत. त्याच दशकात तो नागपूरकडे आपल्या वस्त्यांत सापडला. तेव्हापासून आपलं रक्त बाटल्यांतून जातंय. त्यावर पेपर झाले, पदव्या झाल्या. सुई टोचून घेणाऱ्या कितीजणांना त्या पेपरात काय छापलंय ते वाचून दाखवलं? १ जुलै २०२३ ला सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं अभियान सुरू केलं. चांगलं आहे. पण गावात, वीज गेलेली असताना, पाच मिनिटांत तपासणी करणारं स्वस्त यंत्र, हा इंजिनीअरचा प्रश्न आहे. ज्याच्या बहिणीला कळा येतात त्याला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. आजवर आपण संशोधनाचा माल होतो. आता संशोधक व्हायचंय.

तीन. गटार. २०१३ ला कायदा झाला, माणसाने मैला साफ करायचा नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ ला तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. २०१५ ला केरळात कोझिकोडला मॅनहोलमध्ये माणसं गुदमरून मेली. ते पाहून इंजिनीअरिंगच्या काही पोरांनी मॅनहोलमध्ये उतरणारं यंत्र बनवायला घेतलं. त्यांनी कॉलेजात असतानाच यंत्राचे हातपाय करून पाहिले होते, म्हणून हात वळले. २०१८ ला ते यंत्र तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलं. कॉलेजातल्या पोरांनी प्रश्न निवडला की काय होऊ शकतं, त्याचा हा पुरावा. आणि यंत्र निघूनही माणूस अजून खाली का उतरतो, हे विचारणंसुद्धा संशोधनच आहे.

आता पैशावर येतो.

बाबासाहेब कोलंबियाला गेले १९१३ ला. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. विद्यार्थीच होते. पण त्या निबंधामागे बडोद्याची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड. बाबासाहेबांची बुद्धी प्रचंड, हे सगळे सांगतात. बुद्धीला जेवण लागतं, हे कोणी सांगत नाही. बाबासाहेबांना ते माहीत होतं, म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी आपल्या पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी भांडण केलं. १९४४ ला सुरू झालेली पोस्ट-मॅट्रिक आजही आपल्या घराघरात येते. उशिरा येते, पण येते.

आज उन्हाळ्यात दोन महिने फुकट राबून 'इंटर्नशिप' करायला कोणाला परवडतं? ज्याच्या बापाला परवडतं त्याला. आपला पोरगा उन्हाळ्यात घरी येतो, तेंदूपत्ता तोडायला जातो, नाहीतर नाक्यावर उभा राहतो. फुकटच्या संशोधनाचं दार उघडं असतं, पण उंबरठा एवढा उंच की आपला पाय पोचत नाही. बार्टीची संशोधन फेलोशिप आहे, ती पीएच.डी.साठी. तिथपर्यंत पोचेपर्यंत किती गळतात? २०२४ ला उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या पोराची धनबादची आय.आय.टी.ची सीट साडेसतरा हजार रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली. ३० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने ती परत दिली. सगळेच कुठे सुप्रीम कोर्टापर्यंत जातात?

आणि आत पोचलेल्यांचं काय? रोहित वेमुला हैदराबादला संशोधन करत होता. फेलोशिप थांबली, हॉस्टेलबाहेर काढलं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईला पहिल्या वर्षाचा आपला एक विद्यार्थी गेला. संस्थेच्या समितीने सांगितलं, जातिभेदाचा थेट पुरावा नाही. विद्यार्थी संघटनांनी ते मानलं नाही. त्याच वर्षी जुलैत संस्थेने सूचना काढली की दुसऱ्याला रँक विचारणं अयोग्य आहे. विचारत नव्हते, तर सूचना कशाला? पहिलं वर्ष हे आपल्या पोरांसाठी सगळ्यात एकटं वर्ष असतं. अशा वेळी कोणी खांद्यावर हात ठेवून 'ये, ह्या कामात तुझी गरज आहे' म्हटलं, तर तो नुसता संशोधनाचा प्रश्न राहत नाही. जगण्याचा प्रश्न होतो.

म्हणून मागण्या लिहून घ्या. प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षासाठी संशोधनाच्या जागा हव्यात आणि त्यांना आरक्षण हवं. काम केलं की विद्यावेतन हवं, फुकट नको. उन्हाळ्यात हॉस्टेल आणि मेस चालू हवी. जागा निघाली की नोटीस बोर्डावर लागली पाहिजे, मराठीत. सरांच्या लाडक्यांच्या कानात नको. आणि निवडताना सी.ई.टी. विचारायची नाही. 'तुझा प्रश्न काय?' एवढंच विचारायचं.

मागण्या मिळेपर्यंत काय? बसून राहायचं नाही. जर्नलमध्ये स्वतःचं रीडिंग लिहा, चुकलं तर का चुकलं ते खाली लिहा. तिघं-चौघं मिळून गट करा, म्हणजे एकाला हाकलला तरी काम थांबत नाही. लॅब अटेंडंट, वेल्डर, बॉयलरवाला, ह्यांना विचारा आणि वहीत त्यांचं नाव घाला. तारीख घाला. आणि एक सांभाळा, पैसे घेऊन पेपर छापणारी दुकानं उघडलीत. २०१८ च्या मे महिन्यात यू.जी.सी.ने आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. आईच्या मजुरीचे पैसे देऊन असलं सर्टिफिकेट घेऊ नका.

शेवटी ह्याच मातीतला माणूस सांगतो. मोतीरावण कंगाली. १९४९ ला जन्मले, २०१५ ला गेले. पोटासाठी रिझर्व्ह बँकेत नोकरी, बाकी आयुष्य गोंडी भाषा आणि गोंडी धर्माचा शोध. समोरच्या डोंगरातल्या कचारगडच्या गुहेकडे त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९८० च्या दशकात आपल्या लोकांना पुन्हा आणलं. आज माघ पौर्णिमेला इथं लाखो माणसं येतात. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाशी सगळे पंडित सहमत नाहीत. नसू देत. संशोधनात भांडण असतंच. पण आपल्याबद्दलचा प्रश्न आपणच विचारायचा, हे त्यांनी करून दाखवलं.

उद्या सकाळी आपण कचारगडला चालत जाणार आहोत. वाटेत धानाची बांधी आहे, रेल्वेची लाइन आहे, बायका पाणी भरतात ती बोअर आहे. प्रत्येकाने एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. उत्तर माहीत असलेला प्रश्न चालणार नाही. संध्याकाळी सगळे वाचू, आणि त्यातला कुठला आपल्या कॉलेजात घेऊन जायचा ते मत घेऊन ठरवू. मावश्यांनो, तुम्हीही सांगा. तुमचे प्रश्न पोरं लिहून घेतील.

जयभीम. जय सेवा.